विश्लेषण : स्ट्रीट फोटोग्राफीची सुरुवात कुठून करावी? पॅरिसच्या ओझेन आत्जे यांचे आयुष्य काय सांगते?

मोबाइलचा कॅमेरा सुधारला तसा रस्त्यावर फिरून फोटो काढण्याचा छंदही वाढला. सुरुवात करू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याचाच असतो. कोणता फोन घ्यावा, वेगळी लेन्स लागेल का, अनोळखी माणसांचे फोटो काढायचे कसे? सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका अयशस्वी नटाने जड लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन हेच काम सुरू केले. तेव्हा स्ट्रीट फोटोग्राफी हा शब्दही रूढ नव्हता. आज या प्रकाराच्या आद्य छायाचित्रकारांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. मात्र ते हयात असताना त्यांना कलावंत म्हणून जवळजवळ कोणीच ओळखत नव्हते.

आत्जे कोण होते?

ओझेन आत्जे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या लिबूर्न या गावी झाला. आई-वडील लहानपणीच गेले. आजोळच्या माणसांनी त्यांना वाढवले. तरुणपणी काही काळ त्यांनी व्यापारी जहाजावर काम केले. मात्र ओढ नाटकाची होती. १८७८ मध्ये ते पॅरिसला आले आणि नाट्यशाळेची प्रवेश परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा प्रवेश मिळाला. त्याच काळात सक्तीची लष्करी सेवा करावी लागत असल्याने तालमींना आणि वर्गांना पुरेसा वेळ देता येईना. १८८१ मध्ये शिक्षण अर्धवट सुटले.

पुढे काही वर्षे त्यांनी गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळींत दुय्यम भूमिका केल्या. तिथेच वालेंतिन या अभिनेत्रीशी ओळख झाली आणि ती त्यांची आयुष्यभराची जोडीदार ठरली. १८८७ च्या सुमारास घशाच्या विकाराने आवाज गेला आणि रंगमंचही सुटला. चित्रकला करून पाहिली, तीही फळली नाही.

कॅमेऱ्याकडे कसे वळले?

पोटासाठी. चित्रकार, नेपथ्यकार आणि कारागीर यांना कामासाठी नमुने लागतात, हे आत्जे यांना ठाऊक होते. झाडाचे खोड, कोरीव दरवाजा, जिन्याचा लोखंडी कठडा, घोडागाडी अशा वस्तूंचे स्पष्ट फोटो काढून विकता येतील, हे त्यांनी हेरले. दारावर कलावंतांसाठी दस्तावेज मिळतील अशा अर्थाची पाटी लावली. ग्राहकांची नावे-पत्ते वहीत नोंदवले. आपण कला निर्माण करतो असा दावा त्यांनी तेव्हा केला नाही आणि नंतरही केला नाही.

जुने पॅरिसच का निवडले?

१८५३ पासून सुमारे दोन दशके बॅरन ओस्मान यांच्या देखरेखीखाली पॅरिसचा कायापालट झाला. अरुंद गल्ल्या पाडून रुंद, सरळ हमरस्ते काढण्यात आले. ओस्मान पायउतार झाल्यावरही पाडकाम थांबले नाही. १९०० मध्ये मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली. उरलेसुरले जुने शहर डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना त्याविषयीची आस्थाही वाढली. ग्रंथालये आणि संग्रहालये जुन्या वास्तूंच्या नोंदी जमवू लागली.

१८९७-९८ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, आत्जे यांनी हे काम अंगावर घेतले. पुढची तीस वर्षे ते त्याच शहरात फिरले. अंगणे, पाणवठे, जिने, दुकानांच्या पाट्या, गल्लीबोळ. आयफेल टॉवरसारख्या नव्या पॅरिसच्या खुणांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. जे पाडले जाणार होते किंवा दुर्लक्षित होते, तेच त्यांनी टिपले. पॅरिसचे कार्नावाले संग्रहालय आणि फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय हे त्यांचे मोठे ग्राहक बनले.

कॅमेरा कसा होता?

१८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा वापरणारा, भात्याचा लाकडी कॅमेरा. सोबत तिपाई, काळे कापड आणि काचांची पेटी. हे सगळे ओझे घेऊन ते पहाटे निघत. एका काचेवर एकच फोटो निघत असल्याने दिवसाकाठी मोजकेच फोटो शक्य होते. प्रत्येक ठिकाणी तिपाई लावायची, डोक्यावर कापड घेऊन काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा जुळवायची, मग झाकण काढायचे.

पहाटेच्या वेळेलाही कारण होते. गल्लीत गर्दी नसे, उजेड मऊ असे. छायाचित्रणाला काही सेकंद लागत असल्याने मध्येच कोणी चालत गेले तर फोटोत केवळ धूसर सावली उरे. अशा सावल्या त्यांच्या अनेक फोटोंत दिसतात. लेन्स सरकवल्यामुळे काही फोटोंचे वरचे कोपरे काळे आले आहेत. त्यांनी ते कापून टाकले नाहीत. घरी काच कागदावर ठेवून सूर्यप्रकाशातच प्रत छापली जाई. प्रत्येक काचेला क्रमांक आणि प्रत्येक विषयाचा वेगळा संच, ही शिस्त त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो कसे मिळाले?

१८९९ च्या सुमारास आत्जे यांनी फिरत्या विक्रेत्यांची मालिका सुरू केली. धार लावणारा, छत्र्या विकणारा, पाव पोहोचवणारी बाई, दिव्यांच्या झडपा विकणारा फेरीवाला. मोठ्या दुकानांपुढे हे धंदे मागे पडत चालले होते. कॅमेरा एवढा मोठा आणि संथ की चोरून फोटो काढण्याची सोयच नव्हती. विक्रेत्याला थांबवावे लागे, त्याच्याशी बोलावे लागे, क्षणभर स्थिर उभे राहायला सांगावे लागे. म्हणून त्या फोटोंतली माणसे सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात. हातपेटी वाजवणारा दाढीवाला म्हातारा आणि त्याच्या शेजारी हसऱ्या चेहऱ्याने वर पाहत गाणारी ठेंगणी बाई हा त्यांचा गाजलेला फोटो याच काळातला. पुढे १९१२-१३ च्या सुमारास ते शहराच्या तटबंदीबाहेरच्या झोपड्यांत गेले आणि भंगार-चिंध्या गोळा करणाऱ्यांचे जगणे टिपले.

युद्धाने काय हिरावले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी काचा तळघरात ठेवल्या. फोटो काढणे जवळपास थांबले. वालेंतिन यांचा मुलगा आघाडीवर मारला गेला. वय साठीपुढे गेले होते आणि वारस कोणी नव्हता.

१९२० मध्ये त्यांनी सरकारच्या कला विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले की वीस वर्षांहून अधिक काळ खपून जमवलेले जुने पॅरिस आपल्याकडे आहे, पण त्याचे मोल न जाणणाऱ्यांच्या हाती ते पडेल याची काळजी वाटते. सरकारने २,६२१ काचा १०,००० फ्रँकना विकत घेतल्या. पैशाची चिंता थोडी मिटली आणि ते पुन्हा बाहेर पडले. १९२५ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पॅरिसजवळच्या सो येथील उजाड उद्यानात ते सकाळी सातलाही हजर असत. फोटोंच्या नोंदींत त्यांनी ती वेळ लिहून ठेवली आहे. त्याच वर्षीच्या दुकानांच्या फोटोंत काचेमागचे पुतळे आणि काचेत उमटलेली समोरची इमारत एकमेकांत मिसळून गेली आहे.

नाव छापू नका असे का सांगितले?

मोंपार्नास भागात त्यांच्याच रस्त्यावर अमेरिकी कलावंत मॅन रे यांचा स्टुडिओ होता. त्यांनी आत्जे यांचे काही फोटो विकत घेतले आणि १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात छापले. मुखपृष्ठावरच्या फोटोत १९१२ चे सूर्यग्रहण पाहायला जमलेली गर्दी होती. सगळ्यांच्या माना वर आणि कॅमेरा मात्र त्या माणसांकडे. आत्जे यांनी आपले नाव टाकू नये अशी अट घातली. आपण केवळ दस्तावेज तयार करतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना नवा, हलका कॅमेरा देऊ केल्याची आठवणही सांगितली जाते. तो आपल्या विचारापेक्षा वेगाने चालतो, म्हणून त्यांनी नाकारला.

संग्रह कसा वाचला?

मॅन रे यांच्या तरुण अमेरिकी साहाय्यक बेरेनिस अॅबट यांनी हे फोटो पाहिले आणि त्या थेट आत्जे यांच्या पाचव्या मजल्यावरच्या घरी जाऊ लागल्या. १९२६ मध्ये वालेंतिन वारल्या. १९२७ मध्ये अॅबट यांनी आत्जे यांना स्टुडिओत बोलावून फोटो काढले. वाकलेले खांदे, थकलेला चेहरा. प्रती दाखवायला त्या घरी गेल्या तेव्हा आत्जे या जगात नव्हते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांचे निधन झाले होते.

घरात उरलेल्या हजारो प्रती आणि काचा अॅबट यांनी १९२८ मध्ये त्यांच्या मित्राकडून विकत घेतल्या आणि पुढे अमेरिकेला नेल्या. चाळीस वर्षे त्यांनी हा ठेवा सांभाळला, प्रदर्शने भरवली, पुस्तके काढली. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतला. आत्जे यांनी पॅरिससाठी केले ते अॅबट यांनी १९३० च्या दशकात बदलत्या न्यूयॉर्कसाठी केले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने यातून काय घ्यावे?

फिरण्यासाठी दूरचे शहर लागत नाही. रोजच्या पायाखालचा एक भाग निवडावा आणि तिथे पुन:पुन्हा जावे. विषय ठरवून घ्यावा. दुकानांच्या पाट्या, जिने, फेरीवाले, पुनर्विकासासाठी रिकामी होणारी एखादी इमारत, काहीही चालेल. सकाळच्या उजेडात निघावे. माणसाचा जवळून फोटो हवा असेल तर थांबून त्याच्याशी बोलावे आणि तो नको म्हणाला तर पुढे जावे. घरी आल्यावर प्रत्येक फोटोची तारीख, वेळ आणि जागा नोंदवावी. फोनमध्ये हजारो फोटो साठतात, पण काही वर्षांनी कोणता कुठला हे त्या नोंदीवाचून कळत नाही. आत्जे यांनी टिपलेल्या कितीतरी गल्ल्या आज पॅरिसमध्ये नाहीत. त्या नेमक्या कुठे होत्या हे कळते, कारण त्यांनी प्रत्येक फोटोसोबत रस्त्याचे नाव लिहून ठेवले होते.