पॉपीच्या फुलामागचा डॉक्टर

दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता कॅनडा, इंग्लंड आणि राष्ट्रकुलातील इतर काही देशांत माणसे आपापली कामे थांबवून दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. त्यांच्या छातीवर लाल पॉपीचे फूल असते. आपल्याकडे ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी एन.सी.सी.चे विद्यार्थी डबा घेऊन फिरतात आणि देणगी देणाऱ्याच्या खिशाला चिमुकला ध्वज लावून देतात, त्याच जातीची ही प्रथा. पण फूल पॉपीचेच का, याचे उत्तर एका डॉक्टरने लिहिलेल्या पंधरा ओळींच्या कवितेत आहे. ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही ती कविता इंग्रजी विषय घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिचे कर्ते जॉन मॅक्रे मात्र तिच्याआड पार झाकून गेले आहेत.

मॅक्रे यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७२ रोजी कॅनडातील ग्वेल्फ या गावी एका स्कॉटिश वंशाच्या घरात झाला. वडील नागरी सेनेतील तोफखान्याचे अधिकारी. मुलगाही शाळकरी वयातच वडिलांच्या दलात बिगूल वाजवू लागला. दम्याने मात्र त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही; शिक्षणही त्यापायी मध्येच थांबले होते. तरीही १८९८ मध्ये टोरांटो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळवली. मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तोच दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. शिष्यवृत्ती बाजूला ठेवून हा नवा डॉक्टर युद्धावर गेला, आणि तोही डॉक्टर म्हणून नव्हे. तोफखान्याचा अधिकारी म्हणून! आजारी आणि जखमी शिपायांची तिथे जी हेळसांड झाली ती पाहून ते हादरले. असे असूनही युद्धच नको, असे त्यांनी कधी म्हटले नाही. जखमा बांधणारा आणि तोफा डागणारा अशी दोन माणसे त्यांच्यात शेवटपर्यंत एकत्र नांदली. त्यांच्या चरित्राची खरी गोम मला इथेच वाटते.

परतल्यावर मॉंट्रियलच्या रुग्णालयांत विकृतिशास्त्रज्ञ, मॅकगिलमध्ये अध्यापक, १९१२ मध्ये एका पाठ्यपुस्तकाचे सहलेखक, अशी दहाबारा वर्षे सरळ गेली. लग्न त्यांनी केले नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. या वयात, दम्याची व्याधी घेऊन, घरी राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते तोफखाना ब्रिगेडचे डॉक्टर म्हणून निघाले. सोबत बॉनफायर हा घोडा होता. पुतण्या-भाच्यांना ते या घोड्याच्या नावाने पत्रे लिहीत आणि खाली सही म्हणून नालाचा ठसा काढीत.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. पुढचे सतरा दिवस मॅक्रे कालव्याच्या काठी, मातीच्या बंधाऱ्यात खोदलेल्या खोपट्यात जखमींवर उपचार करीत होते. त्याच आठवड्यात आपले लाहोर डिव्हिजनही ईप्रला आणले गेले आणि २६ एप्रिलच्या हल्ल्यात त्या वायूला सामोरे गेले. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्या दिवसाच्या पराक्रमाबद्दल.

२ मे रोजी अॅलेक्सिस हेल्मर हा मॅक्रे यांचा बावीस वर्षांचा तरुण मित्र तोफगोळ्याने छिन्नविच्छिन्न झाला. पाद्री जवळ नव्हता, म्हणून अंत्यविधीची प्रार्थना डॉक्टरांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कविता लिहिली असे मानले जाते. पॉपीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि माती उखळली गेली की उगवते. तोफांनी तिथली माती नांगरापेक्षा खोल उकरली होती. नव्या कबरींभोवती लाल फुले डोलत होती ती त्यामुळे. डिसेंबर १९१५ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाने कविता कवीच्या नावाशिवाय छापली आणि पाहता पाहता ती सर्वतोमुखी झाली.

कवितेत मेलेले शिपाई बोलतात. आरंभी गेलेल्या दिवसांची हळहळ आहे, पण शेवटच्या कडव्यात ते जिवंतांना आपले अपुरे भांडण पुढे चालवायला बजावतात. स्मृतिदिनाला कविता म्हणणारे पुष्कळ जण हे कडवे भरभर उरकतात, तर काही टीकाकार ते नसते तर बरे झाले असते असे म्हणतात. मला हे पटत नाही. मॅक्रे यांच्या मनात तेच होते. १९१७ मध्ये कॅनडाच्या सरकारने हीच कविता युद्धकर्जाच्या जाहिरातीसाठी वापरली आणि त्या मोहिमेत सुमारे ४० कोटी डॉलर जमले. त्याच वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीवरून देश दुभंगला, तेव्हा मॅक्रे सक्तीच्याच बाजूचे होते. ते शांततावादी होते असे मानून त्यांना फूल वाहणे म्हणजे दुसऱ्याच कोणाला वाहणे होय.

मात्र या निष्ठेची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीराने दिली. जून १९१५ मध्ये त्यांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅनेडियन रुग्णालयात पाठवले. तोफखाना सोडावा लागला याचे त्यांना दुःखच झाले. हे रुग्णालय आधी मोठ्या दरबारी तंबूंत होते, आणि ते तंबू आले होते हिंदुस्थानातून, भोपाळच्या बेगमांकडून! पाऊस-वाऱ्यापुढे तंबू टिकेनात, तेव्हा रुग्णालय पक्क्या इमारतीत हलवले. आघाडीवरचे सोबती थंडीत कुडकुडत असताना आपण उबेत झोपावे हे मॅक्रे यांना रुचेना. वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत ते तंबूतच राहिले. दमा बळावला. मूळचा हसरा माणूस अबोल झाला. २८ जानेवारी १९१८ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. विमेरच्या दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत बॉनफायर चालत होता आणि त्याच्या रिकिबींत धन्याचे बूट उलटे अडकवलेले होते.

युद्ध संपण्याच्या दोन दिवस आधी मॉइना मायकेल या अमेरिकन शिक्षिकेने ती कविता वाचली आणि पॉपी सदैव धारण करण्याचा निश्चय केला. अॅना गेरँ या फ्रेंच बाईंनी ही कल्पना देशोदेशी नेली. १९२१ पासून ब्रिटनमध्ये पॉपी विकून माजी सैनिकांसाठी निधी जमू लागला आणि पुढच्या वर्षी अपंग सैनिकच ही फुले तयार करू लागले. कॅनडात मात्र १९२१ ते १९३० हा दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणाला जोडून सोमवारी पाळला जाई. सुटीच्या मेजवानीत स्मरण बुडून जाते अशी माजी सैनिकांची तक्रार होती. अखेर १९३१ मध्ये ११ नोव्हेंबर हीच तारीख ठरली आणि दिवसाचे नावही युद्धविरामदिनाऐवजी स्मृतिदिन झाले.

वसाहतींत याच फुलावरून निराळा वाद उठला. पॉपीचा पैसा बहुतांशी ब्रिटनला जातो हे पाहून १९३० नंतरच्या काळात सिलोनच्या तरुणांनी त्याच दिवशी सुरियाचे, म्हणजे कोकणातल्या भेंडीच्या झाडाचे, पिवळे फूल विकायला सुरुवात केली. शिपाई आमचेही मेले, मग स्मरण कोणाचे आणि मदत कोणाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

ज्याच्यासाठी ती कविता लिहिली गेली त्या हेल्मरची कबर पुढच्या लढायांत नाहीशी झाली. ईप्रच्या मेनिन गेटवर कबर न सापडलेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे आहे. तिथेच हिंदी शिपायांचीही नावे आहेत. १९२८ पासून त्या कमानीखाली रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर व्यापले तेवढी वर्षे ते थांबले होते.