यंत्राच्या पोटातील यंत्र : अॅलन ट्यूरिंग

संगणकशास्त्राच्या वर्गात ‘आभासी यंत्र’, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हा भाग आला की एक प्रश्न हमखास निघतो. एकाच लोखंडी पेटीत दहा-बारा सर्व्हर एकाच वेळी नांदतात कसे? प्रत्येकाला वाटते की सारी पेटी आपलीच. एक बंद पडला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. उद्या गरज लागली तर त्यातला एखादा सर्व्हर फाइलसारखा उचलून शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या पेटीत नेऊन चालू करता येतो. या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या कंपन्यांची नावे घेऊन देता येते. मी मात्र विद्यार्थ्यांना १९३६ साली नेतो. त्या वेळी जगात आजच्या अर्थाने एकही संगणक नव्हता, आणि केंब्रिजमधला तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण केवळ कागदावर हे सारे मांडून बसला होता.

अॅलन मॅथिसन ट्यूरिंग याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. आपल्या भागाशी या घराण्याचा संबंध होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. वडील ज्युलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. बळ्ळारी, कर्नूल, विशाखापट्टणम अशा जिल्ह्यांतून त्यांच्या नेमणुका झाल्या. आई सारा हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, आणि तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंते होते. पण मुलांना हिंदुस्थानची हवा मानवणार नाही या समजुतीने अॅलन आणि त्याचा थोरला भाऊ यांना इंग्लंडमध्येच परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईबाप रजेवर आले की भेट, एरवी पत्रे. साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला हे पोरकेपण येतच असे.

शाळेत तो हुशार पण अव्यवस्थित म्हणून ओळखला जाई. १९२६ साली शाळेत दाखल व्हायच्या दिवसांतच देशभर संप होऊन आगगाड्या बंद पडल्या, तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा साउथॅम्प्टनपासून शेरबोर्नपर्यंत सुमारे साठ मैल सायकलने गेला. तेथे ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याचा जिवलग मित्र झाला. विज्ञान आणि गणित यांचा दोघांनाही सारखाच नाद. १९३० च्या फेब्रुवारीत मॉरकॉम क्षयाने वारला. हे दुःख ट्यूरिंगने जन्मभर जपले.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेथे फेलो झाला. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून एक प्रश्न त्याच्या मनात बसला. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची ठराविक, यांत्रिक रीत असू शकेल काय? ट्यूरिंगने प्रथम ‘यांत्रिक रीत’ म्हणजे नेमके काय याचाच विचार केला. चौकटी पाडलेली एक लांब कागदी फीत, एका वेळी एकच चौकट वाचणारे आणि लिहिणारे यंत्र, आणि काय दिसले असता काय करावे याचा तक्ता. एवढ्यात हिशेबाची कोणतीही रीत बसते, असे त्याने दाखविले.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. तो तक्ता म्हणजे तरी काय? चिन्हांची एक ओळ. मग ती ओळही फितीवर लिहिता येईल. तेव्हा असे एकच यंत्र रचता येते की ज्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन फितीवर दिले की ते त्या यंत्रासारखे हुबेहूब वागू लागेल. यालाच त्याने सार्वत्रिक यंत्र म्हटले. यंत्र हे लिहून ठेवता येते म्हटल्यावर त्याची नक्कल काढता येते, ते मध्येच थांबवून जसेच्या तसे जपून ठेवता येते, तारेवरून दुसरीकडे धाडता येते. क्लाउड होस्टिंग चालविणारे लोक आज दिवसभर जे करीत असतात त्याचे बीज येथे आहे.

त्याच निबंधात या सामर्थ्याची मर्यादाही सिद्ध केलेली आहे. एखादे यंत्र पुढे काय करील, अडकून पडेल की नाही, हे प्रत्येक यंत्राच्या बाबतीत अगोदर सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. सर्व्हरची देखभाल करणाऱ्याने हे प्रमेय विसरू नये. नवी सुधारित आवृत्ती चढविण्यापूर्वी तो यंत्राची प्रत काढून ठेवतो, प्रतीवर प्रयोग करतो, मग चालू यंत्राला हात लावतो, आणि बिघडलेच तर मागच्या प्रतीवर परततो. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु कोणताही प्रोग्राम पुढ्यात ठेवला असता तो बिनधोक आहे की नाही हे निरपवाद सांगणारा परीक्षक मिळणार नाही, हे १९३६ सालीच ठरून गेले आहे.

याच प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी निराळ्या वाटेने काढले होते. ट्यूरिंग त्यांच्याकडे प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतला. पुढल्या वर्षी युद्ध पेटले आणि तो ब्लेचली पार्क येथे सांकेतिक लिपी उकलण्याच्या कामाला लागला. जर्मनांच्या एनिग्मा यंत्रावर पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच मोठे काम केले होते, हे सांगितलेच पाहिजे. ट्यूरिंगने आखलेले ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र १९४० मध्ये सुरू झाले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. या एका यंत्रात छत्तीस एनिग्मांच्या प्रतिकृती फिरत असत. यंत्राने यंत्राचे सोंग घेण्याचाच हा प्रकार! ही यंत्रे रात्रंदिवस चालविणाऱ्या बहुतेक नौदलाच्या महिला शाखेतील तरुणी होत्या, आणि त्यांनी ते गुपित पुढे कित्येक वर्षे पाळले.

युद्धानंतर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्याने एसीई या संगणकाचा आराखडा तयार केला. खर्चाचा अंदाज ११,२०० पौंड. काम रेंगाळले, आणि तो कंटाळून निघून गेल्यावर लहान स्वरूपातले यंत्र १९५० मध्ये चालू झाले. पण २० फेब्रुवारी १९४७ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्याने दिलेले व्याख्यान प्रत्येक संगणक-विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. दूरच्या संगणकाचा वापर टेलिफोनच्या तारेवरून करता येईल, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवले. यंत्राभोवतीच्या माणसांचे त्याने दोन वर्ग केले : आज्ञांचे तक्ते आखणारे मालक, आणि पत्रे भरणारे, बिघाड दुरुस्त करणारे सेवक. हळूहळू सेवकांचे काम यंत्र घेईल. मालकांचेही घेईल, कारण जी रीत ठराविक झाली तिचा तक्ता होतो. मात्र आपले आसन डळमळू नये म्हणून मालक आपल्या विद्येभोवती गूढतेचे वलय आणि अगम्य शब्दांचे जाळे उभे करतील, अशी शंकाही त्याने बोलून दाखविली. सर्व्हरचा पासवर्ड एकाच्याच डोक्यात आणि वहीत टिपण एकही नाही, अशी कचेरी ज्याने पाहिली असेल त्याला ही शंका मनोमन पटेल.

स्वतः ट्यूरिंगही या बाबतीत निर्दोष नव्हता. १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला आणि तेथील संगणकासाठी त्याने प्रोग्राम लिहिणाऱ्यांची पुस्तिका तयार केली. तीत आकडे बत्तीसच्या पायावर, तेही उलट्या क्रमाने लिहायचे! त्याला ते सहज जमे. इतरांचे हाल होत. तरी हीच पुस्तिका वाचून ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या शाळामास्तराने १९५१ मध्ये त्याची भेट घेतली. ट्यूरिंगने सुचविले की संगणकाने स्वतःचेच अनुकरण करावे असा प्रोग्राम लिहावा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांतील चुका पावलागणिक तपासता येतील. स्ट्रेचीने सुमारे हजार आज्ञांचा प्रोग्राम लिहून आणला. रात्रीच्या बैठकीत तो चालला, आणि शेवटी यंत्राने भोंग्यावर ब्रिटिश राष्ट्रगीत वाजविले! यंत्राच्या पोटात तेच यंत्र, ही कल्पना कागदावरून प्रत्यक्षात आली. पुढे १९५९ मध्ये याच स्ट्रेचीने पॅरिसच्या परिषदेत संगणकाचा वेळ वाटून घेण्याची कल्पना मांडली. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही आभासी यंत्रांची प्रणाली बाजारात आणली, आणि २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन ही प्रणाली पुढे आली. अॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने सर्व्हर देण्यास सुरुवात केली ती या झेनच्याच आधाराने.

हे पाहायला ट्यूरिंग नव्हता. १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे गेला, आणि तपासात एका पुरुषाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले. तेव्हाच्या इंग्लंडात तो गुन्हा होता. त्याने काही लपविले नाही. ३१ मार्चला शिक्षा झाली : तुरुंग नको असेल तर वर्षभर स्त्री-संप्रेरकाचे उपचार. त्याने उपचार पत्करले. सरकारी गुप्त कामाची दारे त्याला बंद झाली. ज्या राज्याने त्याच्या बुद्धीवर युद्धात भिस्त ठेवली त्यानेच त्याच्या शरीराची ही विटंबना केली, आणि न्यायालयात ते सारे कायद्याला धरून होते. त्याही काळात त्याचे संशोधन थांबले नाही. प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे कसे उमटतात यावरचा त्याचा निबंध १९५२ चाच.

७ जून १९५४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो सायनाइडने मरण पावला. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. आईने तो कधीच मानला नाही, प्रयोग करताना अपघात झाला असे ती म्हणत राहिली. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये क्षमा मागितली आणि २०१३ मध्ये राजमाफी मिळाली. गुन्हा कोणाचा आणि माफी कोणी कोणाला द्यायची, हा विचार वाचकांनीच करावा. आईने १९५९ मध्ये मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. युद्धकाळाविषयी तिला त्यात फारसे लिहिता आले नाही, कारण ते काम अजून गुप्त होते. ब्लेचली पार्कची हकीकत १९७४ मध्ये सर्वांपुढे येऊ लागली तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती.