विश्लेषण : मुंबईच्या नोकऱ्यांसाठी जन्मलेली शिवसेना मेहकरपर्यंत कशी पोहोचली? बाळासाहेब ठाकरे यांच्या राजकारणाचा प्रवास

नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहकर विधानसभा मतदारसंघात मुख्य लढत दोन शिवसेनांमध्येच झाली. धनुष्यबाणावर संजय रायमुलकर आणि मशालीवर सिद्धार्थ खरात. खरात जिंकले. दोन्ही पक्ष मात्र वारसा एकाच माणसाचा सांगत होते आणि त्या माणसाला जाऊन तेव्हा १२ वर्षे झाली होती.

बाळासाहेब ठाकरे यांनी स्वतः कधीही निवडणूक लढवली नाही. त्यांचा पक्ष मुंबईतील मराठी तरुणांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर जन्मला. मेहकर मुंबईपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर. इथे ना मोठ्या कंपन्यांची कार्यालये, ना नोकरीसाठी आलेले परप्रांतीय कारकून. तरीही १९९५ पासून सलग सात विधानसभा निवडणुकांत मेहकरने शिवसेनेच्या, आणि फुटीनंतर शिवसेनेच्याच एका गटाच्या उमेदवाराला निवडून दिले. हे कसे घडले, याचे उत्तर ठाकरे यांच्या राजकारणाच्या पद्धतीत आहे.

व्यंगचित्रकार राजकारणात कसा आला?

ठाकरे यांचा जन्म २३ जानेवारी १९२६ रोजी पुण्यात झाला. वडील केशव सीताराम म्हणजेच प्रबोधनकार ठाकरे हे समाजसुधारक, फर्डे लेखक आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील आघाडीचे नेते. घरात पैसा बेताचा होता. वर्तमानपत्रे आणि वादविवाद मात्र भरपूर होते.

बाळासाहेबांनी मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार म्हणून काम केले. आर. के. लक्ष्मण तिथे त्यांचे सहकारी होते. पुढे ही नोकरी सोडून त्यांनी भाऊ श्रीकांत यांच्यासोबत १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले.

महाराष्ट्र राज्य नुकतेच अस्तित्वात आले होते. मुंबई राज्याची राजधानी झाली, पण शहरातील चांगल्या नोकऱ्या आपल्याला मिळत नाहीत, अशी मराठी तरुणांची भावना होती. ‘मार्मिक’ने कंपन्यांमधील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायला सुरुवात केली. त्यात दाक्षिणात्य आडनावांची रांग असे. वाचकांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नव्हते, यादीच पुरेशी होती. दादरच्या घरी तरुणांची गर्दी होऊ लागली आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. नाव प्रबोधनकारांनी सुचवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला आणि मैदान भरले.

शिवसेनेचा विरोध नेमका कोणाला होता?

सुरुवातीला दाक्षिणात्यांना. उडुपी हॉटेलांवर हल्ले झाले. त्यानंतर रोख कम्युनिस्टांकडे वळला. गिरणगावात कम्युनिस्टांच्या कामगार संघटना बळकट होत्या. त्यांना शह देणारी भारतीय कामगार सेना गिरणी आणि कारखाना मालकांना सोयीची वाटली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना काँग्रेस सरकारने शिवसेनेकडे काणाडोळा केल्याचा आरोप झाला. पक्षाला ‘वसंतसेना’ हे टोपणनाव पडले ते त्यातूनच.

जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. या खटल्यात शिवसैनिकांना शिक्षा झाली. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत देसाई यांच्या पत्नीचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

त्याआधी फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली होती, अनेकांचे प्राण गेले आणि ठाकरे यांना येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे १९७५ मध्ये त्यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. त्याची किंमत पक्षाने पुढच्या निवडणुकांत मोजली.

मग पक्ष टिकला कसा?

याचे उत्तर शाखेत आहे. शिवसेनेची शाखा म्हणजे गल्लीतील एक छोटी खोली, वर वाघाचे चित्र असलेला फलक आणि आत रोज संध्याकाळी बसणारा शाखाप्रमुख. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, रुग्णवाहिका हवी आहे, पोलीस तक्रार घेत नाहीत, घरमालक त्रास देतो अशी कोणतीही अडचण असो, लोक शाखेत जात. शाखाप्रमुख कार्यालयात जाऊन काम करून आणत असे, प्रसंगी दमदाटीनेही. स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या आणि सरकारी उपक्रमांत मराठी उमेदवारांच्या भरतीसाठी असाच दबाव ठेवला.

दुसरी गोष्ट म्हणजे पद. वडील आमदार नाहीत, घराणे नाही, कारखान्याचे संचालकपद नाही, अशा विशी-पंचविशीतील मुलाला शिवसेनेत थेट शाखाप्रमुख होता येत असे. पक्षात निवडणुका नव्हत्या, शब्द शिवसेनाप्रमुखांचाच चाले. पण त्यांच्या एका शब्दावर भाजीविक्रेत्याचे काम केलेले छगन भुजबळ मुंबईचे महापौर झाले. १९८५ मध्ये महापालिका शिवसेनेच्या ताब्यात आली, ती या शाखांच्या जोरावर.

मराठीकडून हिंदुत्वाकडे वळण का घेतले?

मुंबई-ठाण्याबाहेर नोकऱ्यांचा मुद्दा चालणार नव्हता, कारण तिथे परप्रांतीयच कमी होते. १९८४ नंतर ठाकरे यांनी हिंदुत्व हा मुख्य मुद्दा केला आणि पक्षाला राज्यभर नेण्यास सुरुवात केली. १९८७ मधील विलेपार्ले पोटनिवडणूक त्यांनी उघडपणे धर्माच्या नावावर लढवली. निवडून आलेले रमेश प्रभू यांची निवड न्यायालयाने रद्द केली आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

जानेवारी १९८८ मध्ये ‘सामना’ हे दैनिक सुरू झाले. त्याच वर्षी औरंगाबाद महापालिकेत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. १९८९ मध्ये भाजपशी युती झाली.

मेहकरमध्ये पक्ष कसा रुजला?

मेहकर विदर्भात असले तरी मराठवाड्याच्या सीमेवर आहे. जालना-औरंगाबादकडील वारे इथे लगेच पोहोचते. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात असल्याने शिवाजी महाराजांच्या नावाने चालणारा पक्ष लोकांना परका वाटला नाही. ठाकरे यांचा वेगळ्या विदर्भाला विरोध होता. त्याचाही इथे पक्षाला फटका बसला नाही.

कोरडवाहू शेती, कापसाचा बेभरवशाचा भाव आणि सहकारी संस्थांपासून जिल्हा परिषदेपर्यंत काँग्रेसची ठरावीक मंडळी, असे तेव्हाचे चित्र होते. राग होता, पण तो कुठे मांडायचा हे तरुणांना माहीत नव्हते. शाखेने ती जागा दिली. मुंबईत कंपनीच्या साहेबाविरुद्ध जे चालले, तेच इथे तहसील कार्यालय, वीज मंडळ आणि बाजार समितीच्या दारात चालले.

१९९५ मध्ये प्रतापराव जाधव मेहकरमधून विधानसभेत गेले आणि सलग तीनदा निवडून आले. २००९ पासून ते बुलढाण्याचे खासदार आहेत. त्याच वर्षी मेहकर अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि रायमुलकर तीनदा विजयी झाले. यात एक विसंगती आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यास शिवसेनेने कडाडून विरोध केला होता. मंडल आयोगालाही ठाकरे यांचा विरोध होता आणि १९९१ मध्ये पक्ष सोडताना भुजबळ यांनी तो मुद्दा पुढे केला. तरीही गावागावांत पक्षाची फळी उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात ओबीसी आणि छोट्या शेतकरी कुटुंबांतून. धोरण काय आहे यापेक्षा आपल्याला पद कोणी दिले, याचे वजन अधिक ठरले.

सत्ता मिळाली, किंमत कोणी मोजली?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत सुमारे ९०० लोक मारले गेले. त्यात बहुसंख्य मुस्लिम होते. न्या. श्रीकृष्ण आयोगाने जानेवारीतील हल्ल्यांसाठी शिवसेनेला आणि ठाकरे यांना जबाबदार धरले. युती सरकारने हा अहवाल फेटाळला. २००० मध्ये ‘सामना’तील लिखाणावरून ठाकरे यांना अटक झाली, मात्र खटल्याची मुदत उलटल्याच्या कारणावरून न्यायालयाने त्यांना त्याच दिवशी सोडले. या दंगलींसाठी त्यांना कधीही शिक्षा झाली नाही.

१९९५ मध्ये युतीची सत्ता आली. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हातात असल्याचे ठाकरे यांनी लपवले नाही. एक रुपयात झुणका-भाकर, झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे अशा घोषणा गाजल्या. झुणका-भाकर केंद्रे टिकली नाहीत, घरे आश्वासनाच्या तुलनेत फार थोडी झाली. १९९९ मध्ये सत्ता गेली. नारायण राणे बाहेर पडले, २००६ मध्ये पुतणे राज यांनी मनसे काढली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी ठाकरे यांचे निधन झाले.

नेदरलँड्सशी तुलना का होते?

युरोपात उजव्या लोकानुनयी राजकारणाचे ठळक उदाहरण म्हणून नेदरलँड्सकडे पाहिले जाते. तिथेही सुरुवात एका स्तंभलेखकाने केली. पिम फोर्टाउन यांनी स्थलांतर आणि इस्लामविरोधावर स्वतःचा पक्ष उभा केला. मे २००२ मध्ये मतदानाच्या नऊ दिवस आधी त्यांची हत्या झाली. त्यांच्या पक्षाला १५० पैकी २६ जागा मिळाल्या, पण २००६ पर्यंत तो संसदेतून पुसला गेला. पुढे गीर्ट विल्डर्स यांनी तोच सूर लावला आणि २०२३ मध्ये ३७ जागांसह पहिला क्रमांक मिळवला. त्यांच्या पक्षात अधिकृत सदस्य एकच, ते स्वतः. २०२५ मध्ये त्यांनीच सरकारचा पाठिंबा काढला आणि त्यानंतरच्या निवडणुकीत त्यांच्या जागा २६ वर आल्या.

मूळ भावना दोन्हीकडे सारखीच होती : आपल्या हक्काचे कोणीतरी नेत आहे. फरक होता तो संघटनेत. ठाकरे यांनीही पक्ष एकहाती चालवला, पण त्यांच्याखाली शाखांची उतरंड होती. म्हणूनच रोख दाक्षिणात्यांवरून कम्युनिस्टांवर आणि पुढे मुस्लिमांवर गेला तरी कार्यकर्ते तेच राहिले.

आज काय उरले आहे?

२०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा जाधव आणि रायमुलकर दोघेही एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. पक्षाचे नाव आणि चिन्हही तिकडे गेले. जून २०२४ मध्ये मतदारांनी जाधव यांना पुन्हा खासदार केले आणि ते केंद्रात राज्यमंत्री झाले. पाचच महिन्यांनी मेहकरने त्यांच्या गटाच्या आमदाराला घरी बसवले, पण मत दिले ते दुसऱ्या शिवसेनेला.

दोन्ही वेळा जिंकणारे ठाकरे यांचेच नाव सांगत होते. कापसाच्या भावाचा प्रश्न मात्र १९९५ मध्ये होता तिथेच आहे.