फिरत्या शाळेचे गुरुजी : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

कार्व्हर हे नाव निघाले की आमच्या विद्यार्थ्यांस भुईमूग आठवतो. वीणा गवाणकर यांच्या १९८१ मधील 'एक होता कार्व्हर' ह्या चरित्रामुळे मराठी घरांत हा अमेरिकन शास्त्रज्ञ जणू आप्तच होऊन बसला आहे. भुईमुगापासून त्यांनी केलेल्या शेकडो पदार्थांच्या कथा रंजक आहेत. परंतु त्यांतले फारच थोडे पदार्थ बाजारात टिकले. आम्हांस त्यांच्या चरित्रातील जे प्रकरण अधिक मोलाचे वाटते, ते खेचरे जोडलेल्या एका गाडीचे आहे.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात डायमंड ह्या गावाजवळ एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. तान्हेपणीच दरोडेखोरांनी मायलेकरांस पळविले. मूल परत मिळाले, आई कधीच मिळाली नाही. ज्यांच्या मालकीचा तो होता, त्या कार्व्हर दांपत्यानेच त्यास वाढविले. प्रकृती तोळामासा असल्यामुळे नांगरापेक्षा स्वयंपाकघर आणि परसबाग हीच त्याची पहिली शाळा झाली. पुढे कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने प्रवेश देऊन, तो काळा आहे हे पाहताच दारातून परत पाठविले. लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत त्याने शिक्षण रेटले, आणि १८९६ मध्ये आयोवा येथे कृषिशास्त्राची उच्च पदवी मिळविली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांस अलाबामातील टस्कीगी येथील आपल्या संस्थेत बोलाविले. आयोवाच्या काळ्याभोर जमिनीतून आलेल्या कार्व्हरांस येथे धुपलेली, निकस जमीन दिसली. शेतकरी बहुतेक कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांचे वंशज. जमीन दुसऱ्याची, बी-बियाणे सावकाराचे, आणि सावकारास हवा फक्त कापूस. त्यामुळे दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूसच पेरलेला. मातीचा कस गेला, कर्ज मात्र वाढले. अशा शेतकऱ्यास विकतचे खत घे म्हणून सांगणे ही थट्टाच झाली असती. म्हणून कार्व्हर दलदलीतला गाळ आणि रानातला पालापाचोळा कुजवावयास शिकवू लागले, आणि कापसाच्या पाठीवर चवळी, रताळी, भुईमूग घ्या म्हणून सांगू लागले. आमच्या गोव्यात भाताची कापणी झाली की त्याच शेतात अळसांदे पेरतात. द्विदल पीक जमिनीस नत्र परत देते, हे मर्म आमच्या आजीसही ठाऊक होते. कापसाच्या त्या मुलखात ते नव्याने सांगावे लागले.

पण सांगावयाचे कसे? कार्व्हर सोप्या भाषेत पत्रिका लिहीत. परंतु ज्यास अक्षरओळख नाही त्यास पत्रिकेचा काय उपयोग? १८९७ पासून दरमहा शेतकऱ्यांची सभा भरू लागली. तीस येणार तो जवळपासचाच. दूरच्या शेतकऱ्याचा दिवस बुडे. तेव्हा शेतकरी शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्याकडे जावे, असे ठरले. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला, कार्व्हरांनी गाडीची आखणी केली, आणि १९०६ मध्ये ती रस्त्यावर आली. तीत नांगर होता, बी-बियाणे होते, लोणी काढण्याचे यंत्र होते, दुधाचा कस पाहण्याचे साधन होते. एखाद्याच्या अंगणात गाडी उभी करावी, शेजारीपाजारी जमवावेत आणि प्रत्यक्ष काम करून दाखवावे, अशी ही पद्धत. फळ्यावर खडूने नांगर काढून शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांस हे वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

कार्व्हर उत्तम कारभारी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. संस्थेच्या कोंबड्यांच्या हिशेबावरून वॉशिंग्टनांशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. राजीनाम्याची भाषा तर त्यांनी कितीदा तरी केली. एकटा माणूस प्रयोगशाळा, वर्ग, कोंबड्या आणि गावोगावची फिरती कशी सांभाळणार? हे काम टिकावयाचे तर ते करणारी दुसरी माणसे तयार व्हावयास हवी होती, आणि टस्कीगीने ती केली. टॉमस कॅम्बेल हा जॉर्जियातून जवळजवळ रिकाम्या हाताने आलेला विद्यार्थी. नोव्हेंबर १९०६ मध्ये अमेरिकन सरकारच्या कृषिखात्याने त्यास प्रचारक नेमले आणि ती गाडी त्याच्या हाती आली. त्या खात्याचा तो पहिला काळा कृषि-प्रचारक होय. आपल्याकडे ज्यास कृषी-सहायक म्हणतात, त्याच प्रकारची ही नोकरी. नेमणुकीमागे सीमन नॅप हे वयोवृद्ध गृहस्थ होते. टेक्ससमध्ये १९०३ साली एका शेतकऱ्याच्याच शेतावर प्रात्यक्षिक करवून त्यांनी ही पद्धत पटवून दिली होती. १९१४ मध्ये कायदा होऊन सबंध देशात कृषिविस्ताराची व्यवस्था उभी राहिली. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वाटा मात्र दक्षिणेत निराळ्याच राहिल्या, आणि काळ्या प्रचारकांच्या वाट्यास पैसा थोडा आला.

पुढे खेचरांच्या जागी मोटार आली. १९२३ मधील मोटारीसाठी हजारो काळ्या शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी काढली. तीतून शेतीच्या शिक्षकाबरोबर परिचारिकाही गावात उतरू लागली.

कार्व्हरांनी लग्न केले नाही, आणि साठविलेला पैसा संशोधनासाठी संस्थेस दिला. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्याशी ते वर्षानुवर्षे भांडले आणि ज्यांची संस्था त्यांनी कधी सोडली नाही, त्या वॉशिंग्टनांच्या शेजारीच टस्कीगी येथे त्यांची समाधी आहे.