बहिणाबाईंच्या घरचे दुखणे

वारकरी पंथाला देवालयाची उपमा देणारा बहिणाबाईंचा अभंग आपल्या फडाफडांत म्हटला जातो, आणि सांप्रदायिक मंडळींना त्यांची ओळख बहुधा तेवढीच असते. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्या निराळ्या, त्या १९५१ साली वारल्या. या शिऊरच्या बहिणाबाई त्यांच्याहून अडीचशे वर्षांनी आधीच्या.) पण बाईंनी आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः अभंगांत सांगून ठेवली आहे, आणि तीत त्यांच्या घरातल्या एका दुखण्याचे प्रकरण आहे. ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल त्याने तर ते जरूर ऐकावे.

बाईंचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इ. स. १६२८ चा. गाव देवगाव, वेरुळाजवळचे. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लग्न झाले ते अगदी नकळत्या वयात, आणि नवरा तीस वर्षांचा बिजवर. शिऊरचे गंगाधर पाठक. पाठक वेदविद्या जाणणारे, कर्मठ आणि रागाने तापट. पुढे आऊजींच्या घरी भाऊबंदकी माजली, कर्ज झाले, आणि सगळ्या कुटुंबाने रातोरात गाव सोडले. जावई बरोबर होतेच. पंढरपुरास मुक्काम झाला, शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपुरी काही काळ गेला आणि शेवटी ही मंडळी कोल्हापुरात हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी येऊन राहिली. वतन सुटलेले, मुलूख परका. सासऱ्याने जावयाच्या आधाराने राहावे अशी ती स्थिती. ही स्थिती ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या प्रसंगाचे सारे वजन तिच्यावर आहे.

कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालत. बहिणाबाई ती ऐकायला जात, आणि घरच्या कपिला गाईचे वासरू त्यांच्या मागोमाग जाई. वासराचा लळा असा की बाईंवाचून ते चारा खाईना. एकदा गर्दीमुळे वासराला बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणवले आणि वासराच्या व मुलीच्या मस्तकावर हात फिरवला. गावात बोलवा झाला. तो पाठकांच्या कानी गेला आणि त्यांनी बायकोला मारले, बांधून घातले. पुढे ते वासरू मेले. बाई काही दिवस निश्चेष्ट पडल्या होत्या. त्या अवस्थेत त्यांना स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले व मंत्र मिळाला. तुकोबा तेव्हा देहूस हयात होते, पण बाईंनी त्यांना डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते.

इथून घरात वणवा लागला. लोक बहिणाबाईंच्या दर्शनाला येऊ लागले. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र वाणी, आणि लोक नमस्कार करतात ते तिला! पाठकांना हे सोसेना. त्यांनी निश्चय केला की घर सोडून वनात जायचे, या बायकोचे तोंड पाहायचे नाही. बाई तेव्हा तीन महिन्यांच्या गरोदर होत्या. तिला माहेरच्यांनी सांभाळावे असे सासूसासऱ्यांना सांगून ते निघण्याच्या तयारीत होते.

आणि त्यांना ताप भरला.

साधा ताप नव्हे. अंगाची लाही, अन्नावर वासना नाही, औषध घेईनात, दिवसामागून दिवस गेले तरी उतार पडेना. आता विचार करावा. माणूस जातो की राहतो अशी वेळ, पोटात त्यांचेच मूल, म्हातारे आईबाप त्यांच्याच आसऱ्याला. त्यांचे बरेवाईट झाले असते तर त्या पोराला बापाचे तोंडही दिसले नसते. पोर जन्माला येण्याआधी टाकून निघालेला बाप तो, पण बापच. आणि ज्या हातांनी मारले ते हात आता पांघरूणही ओढू शकत नव्हते. बहिणाबाई रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसल्या.

आमच्यातले काही कीर्तनकार हे आख्यान लावताना इथे आवाज चढवतात आणि संतनिंदेची कशी शिक्षा झाली ते रंगवून सांगतात. श्रोतेही खूश होतात. आम्हाला ते पटत नाही. संतनिंदेमुळे हे भोगतो आहोत, हा विचार आला तो पाठकांच्या मनात. तो त्यांचा पश्चात्ताप होता, त्यांच्यापुरता खरा होता. उशाशी बसलेल्या बाईंनी तसे मनात आणल्याचे कुठे दिसत नाही. त्यांची अडचण वेगळी होती. पती हाच देव असे शास्त्र लहानपणापासून ऐकलेले, आणि मन तर पांडुरंगाच्या व तुकोबांच्या पायी गेलेले. दोन्ही कसे साधावे? पती रागावून निघाला असता ते कोडे सुटण्यासारखे नव्हते. दुखण्याने ते सोडवले, कारण तापलेल्या माणसाची सेवा करायला दोन मने लागत नाहीत. हाताने सेवा आणि आत नाम, एवढेच उरले.

पाठकांना त्या अवस्थेत एक वृद्ध ब्राह्मण दिसला. मरणाची इच्छा का धरतोस, निरपराध बायको का टाकतोस, असे त्याने विचारले. पाठक शरण गेले. बरा झालो तर हिला टाकणार नाही आणि हरिभक्ती करीन असे त्यांनी मान्य केले, आणि ताप उतरला. औषधाने की काळाने की त्या ब्राह्मणाने, याचा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दुखण्यात बोललेले शब्द बरे झाल्यावर विसरणारे आपण सगळे. दुखणे होते तोवर विठोबाला नवस, आणि पथ्य सुटले की जैसे थे! पाठक विसरले नाहीत. ज्या तुकोबांचे नाव काढलेले खपत नव्हते त्यांच्या गावी जायला ते स्वतः निघाले. बायको, सासूसासरे आणि कपिला गाय, सगळ्यांना घेऊन. कृतज्ञता ती ही. नारळ फोडून ती फिटली नाही, बिऱ्हाड पाठीवर घेऊन देहूपर्यंत चालावे लागले.

देहूत सुख वाढून ठेवले होते असे नाही. मंबाजी गोसाव्याने त्यांना छळले, कपिलेलाही मारले. पण कोंडाजीपंतांनी जेवणाची सोय लावली, आणि देवळात अहोरात्र कथाकीर्तन ऐकायला मिळाले. पाठक आता आडवे आले नाहीत. छळ झाला तेव्हा ते कुटुंबाच्या बाजूनेच उभे होते. देहूतच बाईंना मुलगी झाली, तिचे नाव काशीबाई. बापाने आधी टाकलेले ते मूल बापाच्या डोळ्यांदेखत तुकोबांच्या गावात जन्मले.

तुकोबा शके १५७१ त वैकुंठास गेले. बहिणाबाईंचे पुढचे आयुष्य शिऊरला गेले. मुलगा विठोबा झाला, अभंगरचना झाली, जन्मावरून ब्राह्मण ठरत नाही हे सांगणाऱ्या वज्रसूचीवरही त्यांनी मराठीत लिहिले. वेदपाठक्याच्या घरात बसून हे लिहिले, हे विसरू नये.

शके १६२२ मध्ये, म्हणजे इ. स. १७०० साली, आपला अंतकाळ पाच दिवसांवर आला हे बाईंना कळले. विठोबा तेव्हा गोदातीरी शुक्लेश्वरी आपल्या बायकोची, रुक्मिणीची, उत्तरक्रिया करण्यात गुंतला होता. एक दुःख ताजे असता दुसरे बोलावणे आले. बाईंनी पत्र धाडले आणि मुलगा आला. या वेळी उशाशी बसणारा तो होता. आईने त्याला आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा सांगितली, त्याच्या शंका फेडल्या, आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस देह ठेवला. वय बहात्तर. समाधी शिऊरला आहे.