विजयदुर्गाचा पाडाव रंगवणारा खलाशी चित्रकार

वीर (ता. महाड) : महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री महाड, दासगाव ओलांडून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कोकण रेल्वेचे रूळ १९९३ मध्ये वीरपर्यंत आले. त्याच्या कितीतरी आधीपासून या परिसराचा व्यापार खाडीच्या भरती-ओहोटीवर चालत असे. त्या खाडीचे मुख, म्हणजे बाणकोट, १७५६ च्या तहाने इंग्रजांकडे कायम झाले. त्याच वर्षी विजयदुर्गावर झालेल्या मोहिमेचे चित्र पुढे लंडनमधील एका फ्रेंच चित्रकाराने रंगवले. डॉमिनिक सेर हे त्याचे नाव.

सेरचा जन्म १७२२ च्या सुमारास फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतातील ओश या गावी झाला. घरच्यांनी त्याच्यासाठी धर्मोपदेशकाचा मार्ग ठरवला होता. मुलाला तो मान्य नव्हता. घर सोडून तो स्पेनमध्ये गेला, जहाजावर चढला आणि साध्या खलाशापासून व्यापारी जहाजाच्या कप्तानपदापर्यंत पोहोचला. हवानाच्या मार्गावरील त्याचे जहाज एका ब्रिटिश युद्धनौकेने पकडले आणि तो कैदी म्हणून इंग्लंडला आला. सुटकेनंतर तो मायदेशी परतला नाही. लंडनमध्ये त्याने कुंचला हाती घेतला. चार्ल्स ब्रुकिंग या गुणी सागरी चित्रकाराचे मार्गदर्शन त्याला लाभले. १७५९ मध्ये ब्रुकिंगचे अकाली निधन झाले.

या कलेचे मूळ हॉलंडमध्ये होते. सतराव्या शतकात डच प्रजासत्ताकाचे वैभव जहाजांवर उभे होते. वेंगुर्ल्यालाही १६३७ पासून डचांची वखार होती. जहाजे हेच ज्यांचे धन, त्या समाजात वादळात सापडलेल्या जहाजांच्या चित्रांना मोठी मागणी असणे स्वाभाविक होते. क्षितिज खाली ठेवून दोन तृतीयांश पट आकाशाला द्यायचा, काळ्या ढगांतून निसटलेली उन्हाची तिरीप एखाद्या शिडावर पाडायची आणि कललेल्या डोलकाठीची दोरीन् दोरी अचूक दाखवायची, ही त्या चित्रांची पद्धत होती. या परंपरेतील अग्रणी म्हणजे विलेम व्हान डे व्हेल्डे पिता-पुत्र. पिता तर सागरी लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत होडीतून रेखाटने करी. हॉलंड युद्धाने जर्जर झाले असता, १६७२ च्या सुमारास दोघे शत्रूच्याच देशात, इंग्लंडला गेले. राजा दुसऱ्या चार्ल्सने प्रत्येकी वार्षिक शंभर पौंड वेतन देऊन त्यांना ठेवून घेतले. इंग्लंडमध्ये सागरी चित्रकला रुजली ती तेथून. ब्रुकिंगकडून तीच परंपरा सेरला मिळाली. शिवाय वारा फिरला की जहाज कसे वागते, हे त्याने स्वतः अनुभवले होते.

सेरची कीर्ती झपाट्याने वाढली. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना जिंकले. ज्या बंदराशी त्याने कधी व्यापार केला होता, त्याच बंदराच्या पाडावाची चित्रमालिका त्याने रंगवली. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली, तेव्हा संस्थापक सदस्यांत या परदेशी माजी कैद्याचा समावेश होता.

विजयदुर्गाच्या मोहिमेचे त्याचे चित्र १७७१ चे आहे. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य तेथे पोहोचले. जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज आली होती. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या छावणीत गेले ते परतलेच नाहीत. १२ फेब्रुवारीला भडिमारात बंदरातील एका जहाजाने पेट घेतला, आग एकमेकांना बांधलेल्या जहाजांवर पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजींचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले.

व्हान डे व्हेल्डेप्रमाणे सेर रणात हजर नव्हता. चित्र घटनेनंतर पंधरा वर्षांनी तयार झाले. अशा चित्रांसाठी मोहिमेवरील अधिकाऱ्यांची वर्णने व रेखाटने आधाराला घेण्याची रीत होती. त्यामुळे चित्रकाराचे हात अनुभवी असले, तरी दृष्टी विजेत्यांचीच राहिली. मराठी वाचकाने हे चित्र पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्रजांसाठी तो विजयाचा देखावा होता. कोकणच्या सुतारांनी बांधलेले आणि कान्होजींच्या काळापासून जोपासलेले आरमार त्या दिवशी संपले, आणि ते संपवण्यात मराठी सत्तेचाही हात होता.

१७८० मध्ये सेर राजा तिसऱ्या जॉर्जचा सागरी चित्रकार झाला. १७९२ मध्ये अकॅडमीचे ग्रंथपालपद त्याला मिळाले. नोव्हेंबर १७९३ मध्ये लंडनमध्ये त्याचे निधन झाले. राजाश्रय पुत्र जॉन टॉमस याच्याकडे गेला. जहाजे कशी रेखाटावीत हे शिकवणारा पिता-पुत्रांचा ग्रंथ १८०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. सावित्रीच्या मुखावरील किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. सेरचे चित्र ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचे ते एक मोलाचे साधन आहे. मात्र ते कोणाच्या बाजूने उभे राहून रंगवले गेले, हे जाणूनच त्याचा अभ्यास व्हावा.