राजा मिलिंद आणि मरणानंतरचा प्रश्न



घरातले माणूस गेले, रडणे ओसरले, पाहुणे परतले, म्हणजे एक प्रश्न हळूच घरात शिरतो. गेलेला माणूस आता कोठे असेल? त्याला आपली ओळख राहिली असेल काय? त्याला मुलांची आठवण येत असेल काय? धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही हा प्रश्न येतोच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. माणसावर माया असली म्हणजे असा प्रश्न पडणारच.

पण या प्रश्नाच्या मागोमाग उत्तर विकणारेही दारात येतात. कोणी पिंड पाडायला सांगतो. कावळा शिवला नाही, म्हणजे मृताची वासना अडकली, असे कोणी बजावतो. मृत माणूस कोणाच्या तरी अंगात येऊन बोलतो, असेही सांगितले जाते. आपल्या डहाणू-तलासरीच्या गावपाड्यांतून हे सारे तुम्ही पाहिलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ती आपण घेतली. परंतु सोडून दिलेल्या विधीच्या जागी विचार आला नाही, तर ती जागा रिकामी राहते, आणि दुःखाच्या दिवशी जुना विधी तेथे पुन्हा येऊन बसतो. म्हणून आज तुम्हाला एका राजाचे चरित्र सांगावयाचे आहे. हा प्रश्न त्याने दोन हजार वर्षांपूर्वी निर्भयपणे विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही.

त्या राजाचे नाव मिलिंद. ग्रीक भाषेत मिनँडर. सिकंदराच्या स्वारीनंतर जे ग्रीक लोक आजच्या अफगाणिस्तानाच्या भागात स्थायिक झाले, त्यांच्या वंशातला हा राजा. आपल्याकडे त्यांना यवन किंवा योनक म्हणत. पाली ग्रंथ सांगतो की त्याचा जन्म अलसंद प्रदेशातील कलसी गावी झाला. अलसंद म्हणजे काबूलच्या उत्तरेला सिकंदराने वसविलेले नगर, असे बरेच विद्वान मानतात. त्याचा राज्यकाल सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व १५५ ते १३० च्या सुमाराचा धरला जातो. त्याची राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे समजतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर आहे. काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. त्याने हिंदुस्थानात सिकंदराहूनही अधिक लोक जिंकले, असे ग्रीक लेखक स्ट्रॅबोने जुन्या इतिहासकाराच्या आधारे नोंदवले आहे.

हा राजा आपल्याला फार दूरचा वाटेल. पण त्याचे नाणे आपल्या किनाऱ्याच्या जवळ पोहोचले होते. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात भडोच बंदरात मिनँडरची जुनी नाणी चालत असल्याचे नमूद आहे. त्याच पुस्तकात सोपाऱ्याचेही नाव आहे. त्याच सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूप आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. भडोच आणि सोपारा यांच्या मधल्या किनाऱ्यावर आपले डहाणू आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात. तेव्हा मिलिंदाचे लोक आणि आपला मुलूख यांची ओळख जुनी आहे.

मिलिंदाला राज्याइतकाच वादविवादाचा नाद होता. तो विद्वानांना गाठी, प्रश्न विचारी आणि निरुत्तर करी. त्याच्या प्रश्नांच्या भीतीने बारा वर्षे सागल नगरी विद्वानांवाचून ओस पडली होती, असे मिलिंदपञ्ह हा ग्रंथ सांगतो. यात अतिशयोक्ती असेल. परंतु बिनउत्तराचा प्रश्न त्याला सहन होत नसे, एवढे त्यातून कळते.

त्याला उत्तर देणारा भेटला तो भिक्खू नागसेन. त्याचा जन्म हिमालयाच्या बाजूस कजंगल गावी ब्राह्मण घरात झाला, असे ग्रंथात आहे. रोहण नावाचे स्थविर त्या घरी सात वर्षे दहा महिने भिक्षेला जात राहिले आणि त्यांना पळीभर भातही मिळाला नाही, तरी त्यांनी जाणे सोडले नाही. मुलाने तिन्ही वेद पाठ केले. पण त्यांत त्याला सार दिसेना. मग तो रोहणांच्या मागे गेला आणि पुढे पाटलिपुत्रात शिकून थोर भिक्खू झाला.

सागलच्या विहारात दोघे समोरासमोर आले तेव्हा राजाबरोबर पाचशे यवन होते. वाद पुढे नेण्यापूर्वी नागसेनाने अट घातली, ती ध्यानात ठेवा. पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे नाही. पंडिताचा मुद्दा खोडला तर तो रागावत नाही. राजाला विरोध केला तर तो शिक्षा देतो. राजाने ही अट मान्य केली. मरणासारख्या विषयात भीती दाखवून दिलेले उत्तर खरे उत्तर नसते, हे त्या अटीत आले.

पहिलाच प्रश्न नावाचा निघाला. नागसेन म्हणाला की नागसेन हे केवळ हाक मारण्याचे नाव आहे. त्यामागे आत बसलेला कोणी पुरुष सापडत नाही. राजा चकित झाला. मग केस म्हणजे नागसेन काय, हाडे म्हणजे काय, वेदना किंवा विज्ञान म्हणजे काय, असे तो एकेक करून विचारू लागला. नागसेनाने उलट त्याच्या रथाकडे बोट दाखवले. आस म्हणजे रथ काय? चाके, जू, दांडी म्हणजे रथ काय? एकही नाही. तरी सारे भाग जुळले म्हणजे आपण त्यांना रथ म्हणतो. तसेच माणसाचे. तुम्ही आपल्या बंदरावरची होडी घ्या. फळ्या, डोलकाठी, शीड, सुकाणू वेगळे केले, तर उरलेली होडी कोठे दाखवाल? होडी मोडली तेव्हा तिच्यातून काहीतरी उडून गेले, असे कोणताही कोळी म्हणणार नाही.

येथे राजाच्या मनात तोच प्रश्न आला, जो तुमच्या मनात येतो. आत आत्माच नाही, तर पुढे कोण जाते? पुढे जन्मणारा तोच असतो की दुसरा? नागसेनाचे उत्तर होते की तोही नाही आणि अगदी दुसराही नाही. त्याने राजाला त्याचे बालपण आठवायला लावले. पाळण्यातले मूल आणि सिंहासनावरचा राजा एकच काय? देह, बुद्धी, बोलणे सारे बदलले. मग ते अगदी वेगळे काय? तसे असते तर त्या मुलाला आईही नव्हती म्हणावे लागेल. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहराला तीच नसते. पण दिवा एकच चालू राहिलेला असतो. दुधाचे दही होते, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. दही म्हणजे दूध नव्हे. पण दुधावाचून दही नाही.

राजाने पुढे विचारले की काही स्थलांतर न होता पुढचे जीवन कसे सुरू होते. नागसेनाने सांगितले की एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्याची ज्योत उठून दुसऱ्यात जात नाही. दुसरे उदाहरण मला शिक्षक म्हणून विशेष पटते. लहानपणी राजा गुरूपाशी एक श्लोक शिकला होता. तो श्लोक गुरूमधून निघून राजाकडे आला काय? तसे असते तर गुरूपाशी तो उरला नसता. मी चाळीस मुलांना बेरीज शिकवतो तेव्हा माझी बेरीज कमी होत नाही. तरी चाळीस डोक्यांत ती उभी राहते.

आता आठवणीचा प्रश्न. मिलिंदाने विचारले की फार पूर्वी केलेली गोष्ट आपण कशाने आठवतो. नागसेनाने उत्तर दिले की स्मृतीने. राजाला वाटले की ते काम चित्ताचे आहे. तेव्हा नागसेनाने त्याला विचारले की केलेले एखादे काम तो कधी विसरला आहे काय. राजा म्हणाला, होय. मग त्या वेळी त्याला चित्त नव्हते काय? चित्त होते, स्मृती नव्हती. आठवणी निरनिराळ्या कारणांनी जागतात, हे सांगताना ग्रंथात त्यांचे सतरा प्रकार दिले आहेत. कारण असेल तर स्मृती येते, नसेल तर येत नाही. गाठोडे बांधून बरोबर नेता येईल अशी ती वस्तू नाही.

आजचे शरीरशास्त्र याला बळकटी देते. मेंदूतील पेशींच्या जोडण्यांवर स्मृती अवलंबून असते. मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली, तर जिवंत माणसालाही नवी आठवण धरता येत नाही. म्हातारपणाच्या विस्मृतीत आई आपल्या पोराला ओळखत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. जिवंत मेंदूत जी आठवण इतकी नाजूक असते, ती चितेतून शाबूत निघते आणि कावळ्याच्या चोचीतून भात मागते, हे कसे मानावे?

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. नागसेन पुनर्जन्म मानीत होता. नामरूप पुढे उत्पन्न होते आणि कर्माचे फळ टळत नाही, असे तो सांगे. बाबासाहेबांना आत्मा नाकारणे आणि कर्म व पुनर्जन्म मानणे यांतील अडचण ठळक दिसत होती. १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जे प्रश्न मांडले, त्यांत हा एक आहे. त्यांनी दिलेले उत्तर असे की पृथ्वी, आप, तेज, वायू ही देहाची द्रव्ये मरणानंतर विश्वातील द्रव्यात मिसळतात आणि त्यांतून नवे जीवन घडते. गेलेला माणूस आपले नाव आणि आत्मा घेऊन परत येत नाही. विजेच्या प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्र असावे, तसे देहाबरोबर विज्ञान असते. देह थांबला की तेही थांबते. या जन्मीचे दारिद्र्य आणि अस्पृश्यता मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे, ही शिकवण त्यांनी मुळातून नाकारली. ती शिकवण आपल्या आजा-पणजांना किती पिढ्या गप्प बसवीत आली, हे तुम्हाला सांगावयास नको.

राजाने असेही विचारले होते की केलेली कर्मे कोठे साठून राहतात. नागसेन म्हणाला की झाडाला अजून न धरलेली फळे कोठे आहेत, हे दाखवता येत नाही. घोलवडच्या वाडीतल्या माणसाला हे लगेच समजेल. चिकूच्या खोडात फळे लपलेली नसतात. पण ज्याने कलम लावले, पाणी घातले, त्याच्या मागे त्याची नातवंडे फळे खातात. लावणारा गेला, त्याची स्मृती गेली. त्याचे करणे मात्र फळाला आले.

मिलिंदाच्या अंताविषयी दोन हकिकती आहेत. पाली ग्रंथ सांगतो की त्याने विहार बांधून दिला, राज्य पुत्राच्या हाती सोपवले आणि प्रव्रज्या घेतली. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की तो लष्कराच्या छावणीत वारला, त्याच्या अस्थींसाठी नगरांत भांडण झाले आणि अखेर रक्षा वाटून घेऊन प्रत्येक नगराने स्मारक उभारले. तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले होते, त्याची येथे आठवण होते. न्यायी राजा म्हणून त्याची कीर्ती होती, म्हणूनच नगरे भांडली, असे प्लुटार्कच्या लिहिण्यावरून दिसते.

त्याचे प्रश्न मात्र पाली आणि चिनी भाषांतून टिकले. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन म्हणू लागले. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते अशा घरांतली हजारो मुले तेथे शिकून गेली. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा अशा दोघांची नावे एका शिक्षणसंस्थेला मिळावीत, हे किती योग्य झाले!

आपल्या डहाणूचेही असेच आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात ज्या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली, त्यांत डहाणुका नदीचे नाव आहे. उषवदाताचा आत्मा कोठे आहे, हे विचारून काही हाती लागत नाही. त्याने नदी उतरण्याची सोय केली, एवढे त्याच्याबद्दल आपल्याला निश्चित सांगता येते.

म्हणून तुमच्या घरी दुःखाचा दिवस येईल तेव्हा घाबरू नका. मुलाने विचारले की आजी कोठे गेली, तर खोटे सांगू नका. सांगा की तिचा देह निसर्गात मिसळला, तिला आता भूक नाही, वेदना नाही, वाट पाहणे नाही. तिची आठवण ठेवण्याचे काम आता आपले आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील घ्या आणि तिच्या चांगल्या कृत्यांविषयी चार शब्द बोला. पिंडाला जो पैसा गेला असता, त्यातून शाळेतल्या एखाद्या मुलीला वह्या-पुस्तके घेऊन द्या. ती मुलगी ज्या दिवशी पहिले अक्षर गिरवील, त्या दिवशी दिव्यावरून दिवा लागतो म्हणजे काय, ते तुमच्या घराला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.